सिंहल, सिलोन, ईळम: एका बेटाची नावे

पोस्टाची तिकिटे जमवण्याचा नाद आम्हांला लहानपणी होता. आमच्या वहीत एका पानावर ‘सिलोन’ होते आणि त्यानंतर पुष्कळ पानांनी ‘श्रीलंका’ होते. हे दोन निरनिराळे देश असावेत अशी आमची प्रामाणिक समजूत होती. घरात संध्याकाळी लागे ते ‘रेडिओ सिलोन’. रामनवमीच्या कीर्तनात हनुमंत जाळीत असे ती ‘लंका’. पुढे हिंदीच्या पुस्तकात जायसीची पद्मावती भेटली, ती ‘सिंहलद्वीपा’ची राजकन्या होती. वर्तमानपत्रांतून बॉम्बस्फोटांच्या बातम्यांबरोबर येई तो शब्द ‘ईलम’. पाचही नावे एकाच बेटाची आहेत हे कळायला आम्हांला बराच काळ जावा लागला. आणि त्यांतली बहुतेक नावे मुळात एकाच शब्दाची रूपे असावीत, हे तर त्याहूनही उशिरा कळले.

रेडिओची गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण मराठी घरांत त्या बेटाचे नाव सर्वाधिक वेळा तिथूनच उच्चारले गेले. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताच्या या निष्ठावान मराठी उपासकाने आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले. हद्दपार झालेली गाणी समुद्र ओलांडून कोलंबोस गेली आणि तिथल्या शक्तिमान प्रक्षेपकांवरून परत आमच्याच घरात येऊ लागली. त्याच वर्षाअखेर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पुढे १९७२ साली देशाचे नाव बदलले, केंद्राचेही बदलले. पण आमच्याकडील श्रोत्यांनी तो बदल मंजूर केला नाही. ते ‘रेडिओ सिलोन’च म्हणत राहिले. नाव बदलण्याचा अधिकार देशाला असतो, पण ते वापरातून काढण्याचा अधिकार त्याला नसतो, याचा हा घरगुती पुरावा होय.

आता मागे जाऊ. या बेटाचा कोरीव लेखांतील सर्वांत जुना निश्चित उल्लेख अशोकाचा. त्याच्या शिलालेखांपैकी दुसऱ्यात आणि तेराव्यात दक्षिणेकडील चोळ, पांड्य यांच्या पुढे ‘तंबपंणी’ येते. संस्कृतात ताम्रपर्णी. पाली ‘महावंस’ या ग्रंथाने त्या नावाची एक गोड उपपत्ती दिली आहे. विजय नावाचा राजपुत्र आपल्या सातशे सोबत्यांसह किनाऱ्यावर उतरला, थकव्याने सर्वांनी हात जमिनीवर टेकले आणि तिथल्या तांबड्या मातीने त्यांचे तळवे तांब्यासारखे झाले; म्हणून ती भूमी तंबपण्णी. समोरच्या तमिळ किनाऱ्यावर ताम्रपर्णी याच नावाची नदी आहे, हे पाहिले की उपपत्ती जरा डळमळते. नावे समुद्र ओलांडतात, आणि ओलांडल्यावर त्यांना नव्या जागी नवी कथा लागते.

पण महावंसाच्या त्या कथेत मराठी वाचकाने थबकावे असे एक स्थळ आहे. विजय हा सिंहबाहूचा मुलगा. सिंहबाहूने सिंहाला मारले म्हणून तो आणि त्याचे वंशज ‘सीहळ’ म्हणजे सिंहल. विजय उनाड निघाला; प्रजेने तक्रार केली; राजाने त्याचे आणि त्याच्या सोबत्यांचे अर्धे डोके भादरून त्यांना जहाजात घालून हाकलून दिले. ते जहाज प्रथम कुठे लागले? सुप्पारक बंदरात. म्हणजे आपले सोपारे, आजच्या लोकलच्या पाटीवरचे नालासोपारा. तिथेही या मंडळींनी दांडगाई केली आणि त्यांना पुन्हा समुद्रात निघावे लागले. सिंहली राष्ट्राचा मूळपुरुष कोकण किनाऱ्यावर टिकला नाही म्हणून लंकेस पोचला, असा या कथेचा अर्थ. याच सोपाऱ्यात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. १९५६ साली नवव्याचा मिळाला. ज्या लेखांत तंबपंणीचे नाव आहे ते दुसरा आणि तेरावा तेवढे तिथे मिळालेले नाहीत. इतिहास असा कधीकधी हुलकावणी देतो.

विजयाची कथा इथेच सोडता येत नाही, कारण तिचा उत्तरार्ध पुढे आपल्याला लागणार आहे. बेटावर त्याला कुवेणी नावाची यक्षिणी भेटली. तिच्या मदतीने त्याने राज्य मिळवले, तिच्यापासून त्याला दोन मुले झाली, आणि राज्याभिषेकासाठी क्षत्रिय राणी हवी म्हणून त्याने तिला टाकून दिले. नवी राणी आणली ती दक्षिणेतील मधुरेहून, पांड्य राजाची मुलगी. आणि तिच्याबरोबर त्याच्या सोबत्यांसाठीही तिथल्याच मुली आल्या. सिंहली लोक ज्या ग्रंथाला आपल्या वंशाचा दस्तऐवज मानतात त्याच ग्रंथाप्रमाणे त्यांचे आजोळ तमिळ देशात आहे. हे वाक्य आम्ही पदरचे घालीत नाही. ग्रंथच ते सांगतो, आणि ग्रंथाचे अभिमानी ते वाचून पुढे जातात.

सिंहल या नावाची दुसरी कथा आपल्याकडे अजिंठ्यास भिंतीवर रंगवलेली आहे. सतराव्या लेण्यात, उजव्या भिंतीवर. वाकाटक हरिषेणाच्या काळातले, म्हणजे पाचव्या शतकातले हे लेणे. पुष्कळ पुस्तकांत या चित्राखाली ‘विजयाचे लंकेत आगमन’ असे छापलेले असते. ते बरोबर नाही. चित्र आहे सिंहलावदानाचे, आणि ती कथा विजयाची नव्हे. सिंहल हा एक व्यापारी. त्याचे जहाज ताम्रद्वीपाजवळ फुटते. बेटावरच्या सुंदर स्त्रिया त्याला आणि त्याच्या सोबत्यांना आश्रय देतात. त्या वास्तविक राक्षसिणी असतात. एक दिव्य अश्व सिंहलाला पाठीवर घेऊन उडतो. पण एक राक्षसी मुलाला कडेवर घेऊन त्याच्या मागोमाग थेट राजदरबारी येते, आपण याची टाकलेली बायको आहोत असे सांगते. सिंहल परोपरीने समजावतो. राजा ऐकत नाही, तिला आपल्या अंतःपुरात घेतो. दुसऱ्या दिवशी राजवाड्यावर गिधाडे घिरट्या घालताना दिसतात. लोक सिंहलालाच राजा करतात, तो सैन्य घेऊन समुद्र ओलांडतो आणि बेट जिंकतो. ‘दिव्यावदान’ सांगते की त्या दिवसापासून ताम्रद्वीपाचे नाव सिंहलद्वीप झाले.

आम्ही पहिल्यांदा ते लेणे पाहिले तेव्हा मंद उजेडात नावांतून उतरणारे हत्ती तेवढे दिसले. दुसऱ्या वेळी कथा ठाऊक होती; तेव्हा आणखी एक गोष्ट जाणवली. एका देशाच्या नामकरणाचा प्रसंग हजारो चौरस फूट भिंतींमध्ये रंगवला गेला, तो त्या देशात नव्हे तर सह्याद्रीच्या एका घळीत. आणि तो विजेत्यांच्या बाजूने रंगवला गेला. जिंकलेले राक्षस असतात, हे कथेने आधीच ठरवून टाकले होते.

प्राकृत आणि संस्कृत कवींना मात्र त्या बेटावर राक्षसिणींपेक्षा राजकन्याच अधिक दिसल्या. हर्षाची रत्नावली सिंहलेश्वराची मुलगी. कोऊहल कवीच्या ‘लीलावई’ या महाराष्ट्री प्राकृतातील काव्याची नायिका लीलावती सिंहलाची राजकन्या, आणि नायक कोण, तर प्रतिष्ठानचा सातवाहन राजा हाल. पैठणचा जावई व्हायला सिंहलद्वीपाची मुलगी! कोल्हापूरचे आदिनाथ उपाध्ये यांनी हे काव्य संपादून १९४९ साली प्रसिद्ध केले. मराठी वाचकांनी त्याची जेवढी दखल घ्यावयास हवी होती तेवढी घेतली नाही अशी आमची जुनी तक्रार आहे. जायसीची पद्मिनी या परंपरेतली शेवटची मोठी नायिका. समुद्रापलीकडचे, मोत्यांचे, मिळण्यास दुर्घट असे जे काही असेल त्याचे गाव म्हणजे सिंहल, हा संकेत सोळाव्या शतकापर्यंत टिकला.

मग लंका कुठली? येथे आम्हांला थोडा विरस करावा लागेल. जुन्या संस्कृत ग्रंथकारांपैकी अनेकांना लंका आणि सिंहल ही दोन वेगळी ठिकाणे वाटत होती. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त दक्षिणेकडील प्रदेशांची जी यादी आहे तिच्यात लंका आहे आणि सिंहलही आहे, स्वतंत्रपणे. ज्योतिषकारांची लंका तर आणखीच निराळी. उज्जयिनीतून जाणारी मध्यरेखा विषुववृत्ताला जिथे छेदते त्या बिंदूचे नाव लंका. तिच्यापासून नव्वद नव्वद अंशांवर यमकोटी, सिद्धपूर आणि रोमक. आर्यभटापासून भास्कराचार्यांपर्यंत सर्व गणित या लंकेवरून चालते आणि पंचांगकर्त्यांचा ‘लंकोदय’ हा शब्दही तिथूनच आलेला आहे. नकाशा उघडून पाहिल्यास त्या बिंदूवर निव्वळ पाणी आढळते. प्रत्यक्ष बेट विषुववृत्तापासून सहा ते दहा अंश उत्तरेला आणि उज्जयिनीच्या रेखेच्या बरेच पूर्वेला आहे.

वाल्मीकीची लंका समुद्रात नव्हतीच, ती मध्य भारतात होती, असे म्हणणारेही झाले. इंदूरचे सरदार माधवराव किबे यांनी ती अमरकंटकाच्या परिसरात ठेवली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया यांनीही ती विंध्याच्या आसपासच शोधली. तेलुगू भाषेत नदीपात्रातील बेटाला लंकच म्हणतात, गोदावरीच्या मुखाशी अशा लंका पुष्कळ आहेत, हाही मुद्दा या मंडळींच्या बाजूने मांडला जातो. आम्हांला यांपैकी कुणाचेच मत सिद्ध झाल्यासारखे वाटत नाही. मात्र बेटावरील पाली ग्रंथकार आपल्या भूमीला निःसंकोच लंका म्हणत होते, आणि त्यांना रावणाचे फारसे प्रयोजन नव्हते. त्यांची लंका बुद्धाने स्वतः तीनदा पावन केलेली भूमी होती. एकच शब्द, पण समुद्राच्या एका काठावर तो जाळण्याच्या नगरीचा आणि दुसऱ्या काठावर पूजेच्या भूमीचा. दादासाहेब फाळक्यांचा ‘लंकादहन’ १९१७ साली मुंबईत तुफान चालला; त्या नावाने कोलंबोत काय वाटले असेल याचा विचार आमच्याकडे कुणी केल्याचे दिसत नाही.

परदेशी लोकांनी दिलेल्या नावांची गोष्ट लांबलचक आहे, पण तिचा सारांश थोडक्यात सांगता येतो. ग्रीकांनी ताम्रपर्णीचे ‘ताप्रोबाने’ केले. टॉलेमीने दुसऱ्या शतकात नकाशासाठी माहिती जमवली तेव्हा हे बेट प्रत्यक्षाहून अनेक पटींनी मोठे धरले, आणि त्यामुळे पुढच्या दीड हजार वर्षांच्या युरोपीय कल्पनेतही ते अवाढव्य राहिले. पण टॉलेमीच असेही नोंदवतो की बेटाचे हल्लीचे नाव ‘सालिके’ आहे आणि तिथले लोक ‘सालाई’. सहाव्या शतकातला कॉस्मस हा व्यापारी-साधू सांगतो, भारतीय लोक त्याला ‘सिएलेदिबा’ म्हणतात. हे सीहळदीपच. अरबांनी त्याचे ‘सरंदीब’ केले. ‘सीहळ’चेच पुढे मार्को पोलोच्या लेखणीतून सेइलान, पोर्तुगीजांच्या तोंडी सेइलाँव, डचांच्या तोंडी झेलान आणि इंग्रजांच्या दप्तरात सिलोन झाले. चिनी लोकांनी ध्वनी न उचलता अर्थ उचलला आणि त्याला ‘सिंहांचे राज्य’ म्हटले. त्या राज्यात फाहियान पाचव्या शतकाच्या आरंभी दोन वर्षे राहिला. अनुराधपुराच्या विहारात एकदा कुणा व्यापाऱ्याने मूर्तीपुढे ठेवलेला चिनी रेशमाचा पांढरा पंखा त्याला दिसला आणि इतक्या वर्षांनी आपल्या देशाची वस्तू पाहून त्याच्या डोळ्यांतून पाणी आले, असे त्याच्या प्रवासवृत्तात आहे. सिंहांच्या राज्याबद्दल आम्हांला आठवते ते एवढेच.

सरंदीबवरून इंग्रजीत एक शब्द गेला. सरंदीबच्या तीन राजपुत्रांची फारसी परंपरेतली कथा १५५७ साली व्हेनिसला इटालियन भाषेत छापली गेली. तिच्या आधारे होरेस वॉलपोल या इंग्रज उमरावाने १७५४ साली एका पत्रात ‘सेरेंडिपिटी’ हा शब्द घडवला. जे शोधत नव्हतो ते अकल्पित हाती लागणे, असा त्याचा अर्थ. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द नाही. हे नाव असे सुखद होऊन बसले असले तरी एका माणसाच्या दृष्टीने ते तसे नव्हते. इजिप्तमध्ये १८८२ सालचा उठाव इंग्रजांनी मोडला, तेव्हा अहमद उराबी याच्याबरोबर त्याचा सहकारी, कवी महमूद सामी अल्-बारूदी यालाही सिलोनला हद्दपार करण्यात आले. सतराएक वर्षे तो तिथे राहिला. आधुनिक अरबी कवितेचा आद्य पुरुष म्हणून त्याला ओळखतात. त्याच्या त्या काळातील कवितांत बेटाचे नाव सिलोन नाही, सरंदीब आहे. इंग्रजांनी त्याला सिलोनला पाठवले होते. तो सिंदबादच्या सरंदीबला पोचला आणि तिथेच झुरत राहिला.

आता ईळम. हा शब्द आम्हांला बंदुकीच्या आवाजासकट ऐकू आला म्हणून तो नवा वाटतो; तो फार जुना आहे. संघकाळातील ‘पट्टिनप्पालै’ या तमिळ काव्यात कावेरीच्या मुखावरील बंदरात उतरणाऱ्या मालाचे वर्णन आहे, त्यात ईळमहून आलेल्या खाद्यपदार्थांचा उल्लेख आहे. मदुराईजवळच्या तिरुप्परंकुन्रम येथील गुहेत ब्राह्मी लिपीत कोरलेल्या एका दानलेखात दाता ‘ईळ’ गृहस्थ आहे. चोळांच्या लेखांत बेटाचे नाव ईळमंडलम. पहिल्या राजराजाने दहाव्या शतकाच्या अखेरीस बेटाचा उत्तर भाग जिंकला तेव्हा मात्र त्याने तेही नाव पुसून स्वतःच्या बिरुदावरून ‘मुम्मुडिचोळमंडलम’ असे नाव ठेवले. ते चोळसत्तेबरोबर गेले. विजेत्याचे नाव घेऊन आलेली नावे बहुधा अशीच जातात.

या सर्व ठिकाणी ईळम म्हणजे संपूर्ण बेट. उत्तर आणि पूर्व भागापुरता तो शब्द मर्यादित करून त्याला ‘तमिळ’ हे विशेषण जोडणे ही विसाव्या शतकातली घटना आहे.

आणि या शब्दाची व्युत्पत्ती? त्यात मतभेद आहेत. तमिळ आणि मलयाळममध्ये ईळम या शब्दाचा माडीशी संबंध आहे, केरळातील ईळव समाजाचे नाव त्याच्याशी जोडले जाते, आणि काही विद्वान तो मूळचाच द्राविडी मानतात. परंतु अनेक भाषाशास्त्रज्ञांचे म्हणणे असे, की सीहळ या शब्दातला आद्य ‘स’ तमिळमध्ये गळून पडला आणि उरला तो ईळ. आम्हांला हे दुसरे मत अधिक पटते. ते खरे धरले तर सिंहल, सरंदीब, सिलोन आणि ईळम हे चारही शब्द एकाच आईची मुले ठरतात. म्हणजे ज्या दोन नावांखाली पंचवीसहून अधिक वर्षे माणसे मेली, ती दोन नावे नव्हतीच. एकच नाव होते. एकाने ‘स’सकट उच्चारले, दुसऱ्याने ‘स’वाचून.

भांडण नावावरून सुरू झाले नव्हते हे सांगितले पाहिजे. १९५६ साली सिंहली ही एकमेव राजभाषा करणारा कायदा झाला आणि नोकऱ्या, शिक्षण, जमिनी यांचे प्रश्न त्याभोवती पेटत गेले. पण हे सर्व प्रश्न एका अक्षरात येऊन बसले, आणि ते अक्षर होते ‘श्री’. मराठी माणूस पत्राच्या माथ्यावर, चोपडीच्या पहिल्या पानावर आणि लग्नपत्रिकेत जे अक्षर डोळे मिटून लिहितो, ते. १९५७ साली मोटारींच्या क्रमांकपट्ट्यांवर रोमन अक्षरांऐवजी सिंहली लिपीतील श्री घालण्याचे ठरले. त्या पट्ट्यांच्या बसगाड्या तमिळबहुल उत्तरेत आल्या तेव्हा तिथल्या लोकांनी श्रीला डांबर फासले आणि त्या जागी तमिळ लिपीतला श्री रंगवला. लक्षात घ्या, शब्दाला त्यांचा विरोध नव्हता. लिपीला होता. त्याला उत्तर म्हणून दक्षिणेत तमिळ पाट्यांवर डांबर फिरू लागले. पंतप्रधान बंडारनायके यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी १९५७ च्या जुलैत केलेला करार एप्रिल १९५८ मध्ये रद्द केला. मे महिन्यात दंगली उसळल्या. स्वतंत्र सिलोनमधील पहिला बेटव्यापी तमिळविरोधी हिंसाचार तो हाच. शुभारंभाच्या अक्षराने इतका अशुभ आरंभ अन्यत्र कुठे केला असेल असे वाटत नाही.

राष्ट्रगीताची कथा याच अक्षराशी जुळलेली आहे. आनंद समरकोन हे शांतिनिकेतनात राहून आलेले कवी-संगीतकार. त्यांनी १९४० साली मातृभूमीचे एक गीत रचले, १९५१ साली ते राष्ट्रगीत झाले. त्याचा आरंभ ‘नमो नमो’ या शब्दांनी होत असे. १९५२ साली पंतप्रधान सेनानायके घोड्यावरून पडून वारले, १९५९ साली बंडारनायके यांची हत्या झाली. आणि या साऱ्याचा दोष गीताच्या पहिल्या गणाला देण्यात आला. मराठी वाचकांनी हिशेब करून पाहावा: न-मो-न, लघु-गुरु-लघु, म्हणजे जगण; काव्यारंभी जगण आल्यास फल रोग, असे जुने छंदशास्त्रकार सांगतात. १९६१ साली सरकारने कवीच्या विरोधाला न जुमानता आरंभ बदलला आणि ‘श्रीलंका’ हे शब्द पुढे आणले. श्री-लं-का: तिन्ही गुरु, म्हणजे मगण. त्याचे शास्त्रोक्त फल लक्ष्मी. एप्रिल १९६२ मध्ये समरकोन यांनी आत्महत्या केली. आपल्या गीताचा शिरच्छेद झाला, ही त्यांची भावना होती.

ज्या लक्ष्मीसाठी हे केले ती आली नाही, हे इतिहासाला ठाऊक आहे. २२ मे १९७२ रोजी नवे संविधान अमलात आले, देश प्रजासत्ताक झाला आणि सिलोनचा अधिकृत श्रीलंका झाला. नाव स्वदेशी झाले, याबद्दल कुणी तक्रार करण्याचे कारण नव्हते. वसाहतीच्या दप्तरातील नाव टाकण्याचा प्रत्येक देशाला अधिकार आहे आणि आम्ही मुंबईकर-पुणेकरांनी तर त्यावर बोलूच नये. पण त्याच संविधानाने सिंहलीचे स्थान पक्के केले आणि बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले. त्याचे मुख्य शिल्पकार कॉल्विन डि’सिल्वा हे डाव्या पक्षाचे विद्वान वकील होते. भाषेच्या प्रश्नावर एक भाषा लादाल तर दोन देश होतील, असा इशारा १९५० च्या दशकात त्यांनीच दिला होता. १९७६ साली वड्डुकोड्डै येथे तमिळ पक्षांनी स्वतंत्र तमिळ ईळमचा ठराव केला. १९८३ साली युद्ध पेटले, मे २००९ मध्ये संपले. मृतांचा आकडा ८० हजार ते १ लाख असा सांगितला जातो.

ईळम हा शब्द त्यानंतर कोलंबोत संशयाचा झाला हे स्वाभाविक आहे. पण त्याच श्रीलंकेच्या राष्ट्रगीताचे जे तमिळ रूप आहे, त्यात देशाला उद्देशून ईळम हा शब्द आजही आहे. मायदेशाच्या स्तुतीत. ज्याच्या उच्चाराने माणसे पकडली गेली तो शब्द शाळेतली मुले सरकारी गीतात गात होती. २०१६ साली स्वातंत्र्यदिनाच्या सरकारी समारंभात हे तमिळ रूप अनेक दशकांनी म्हटले गेले. २०२० साली त्या समारंभात ते म्हटले गेले नाही.

सिलोन हे नावही पुरते गेलेले नाही. २०११ साली सरकारने आपल्या संस्थांच्या नावांतून ते काढण्याचे ठरवले, पण चहाला हात लावला नाही. जगाच्या बाजारात त्या चहाचे नाव अजूनही सिलोन चहा, आणि त्याच्या अधिकृत खुणेवर सिंहाचे चित्र आहे. म्हणजे नाव आणि चित्र मिळून एकच शब्द दोनदा सांगितला आहे. बाकी ‘हिंदी महासागराचा मोती’, ‘भारताचा अश्रू’ इत्यादी नावे पर्यटन खात्यांच्या उपयोगाची आहेत. त्यांतील दुसरे तर बेटाच्या आकारावरून पडले असले तरी भारतीयांनी वापरू नये असे आम्हांला वाटते. कुणाच्या देशाला आपला अश्रू म्हणणे फारसे सभ्य नव्हे.

हा लेख लिहिताना आम्ही ती तिकिटांची जुनी वही पुन्हा काढली. सिलोनच्या पानावरील तिकिटांवर तीन लिप्यांत नाव छापलेले आहे: इंग्रजीत सिलोन, सिंहलीत लंका, तमिळमध्ये इलंगै. श्रीलंकेच्या पानावरही तीन लिप्या आहेत. इंग्रजीत श्रीलंका, सिंहलीत श्रीलंका. तमिळमध्ये मात्र चार अक्षरे जशी होती तशीच आहेत: इलंगै. तमिळ भाषेतील संविधानातही देशाचे नाव आजवर तेच आहे, श्रीवाचून. लहानपणी आम्हांला यांतली एकच लिपी वाचता येत होती आणि म्हणून ते दोन देश वाटले. तमिळ वाचता येत असते, तर दोन्ही पानांवर एकच नाव दिसले असते.